चार नंबरचे अकरा आलेख

मंगळवारी सकाळी साडेनऊला शिवकन्या बिराजदारने चहाचा कप टेबलावर ठेवून संगणक उघडला, आणि तो चहा तसाच गार झाला. पडद्यावर अकरा रेघा एकदम खाली आल्या होत्या.

एखादी रेघ खाली येणे तिला नवे नव्हते. तिच्या पीएच.डी.च्या संशोधनात दोनशे मुली होत्या. सगळ्या सोळा ते एकोणीस वयाच्या, सगळ्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी लातुरात येऊन राहिलेल्या. या वयात आणि या शहरात रोज दोघीतिघींचे मन खाली-वर होणारच. तसे न झाले तर उलट यंत्रच तपासायला घ्यावे लागले असते. पण या अकराही जणी एकाच वसतिगृहातल्या होत्या. त्यांची घसरण एकाच दिवशी सुरू झाली होती आणि सतरा दिवस एकाच उताराने चालली होती. आज यंत्राने सगळ्यांना लाल ठरवले होते.

वसतिगृह क्रमांक चार. आकडा शिवकन्येने पुन्हा एकदा वाचला, कारण चार नंबर म्हणजे तिच्या प्रबंधाचा दागिना होता. सोळा वसतिगृहांपैकी सर्वांत जास्त सुधारणा चार नंबरच्या मुलींत दिसली होती. पाचवे प्रकरण त्यांच्याच जोरावर उभे होते. हे सतरा दिवस शिवकन्या बाईसाहेब आलेखांकडे न बघता तेच प्रकरण लिहीत बसल्या होत्या: त्या मुली कशा आनंदी झाल्या, याचे साठ पानी वर्णन.

तिच्या यंत्राचे नाव 'सोबत'. त्याचे तत्त्व सांगायला सोपे आहे. आपण पडद्यावर लिहितो तेव्हा एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर बोट जायला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतो. बोट किती वेळ टेकले, किती अक्षरे खोडली, खोडून पुन्हा तेच लिहिले का, वाक्याच्या मध्येच किती थांबले, हेही मोजता येते. मन जड झाले की हात मंदावतो. नुसता मंदावत नाही, त्याची लय बिघडते. हा बदल माणसाच्या स्वतःच्या लक्षात येण्याआधी कित्येक दिवस यंत्राच्या लक्षात येतो. मुलींनी रोज संध्याकाळी आपल्या दिवसाबद्दल पाच ओळी लिहायच्या. काय लिहिले ते यंत्र वाचत नसे, फक्त कसे लिहिले ते बघे. पंधरवड्याची सरासरी फार खाली गेली की आलेख लाल होई. मग त्याच दिवशी माणूस जाऊन मुलीला भेटायचे आणि पालकांना कळवायचे, असा नियम होता.

यात विद्यापीठाच्या नीतिसमितीने एक अट घातली होती. प्रत्येकाच्या लिहिण्याची लय अंगठ्याच्या ठशाइतकी वेगळी असते. तिच्यावरून माणूस ओळखता येतो. मुलींची ओळख जपायची म्हणून मूळ लय साठवायचीच नाही, असे ठरले. पहिल्या चौदा दिवसांत प्रत्येकीची सरासरी काढायची, तिला शून्य म्हणायचे आणि पुढे शून्याच्या किती वर, किती खाली एवढेच ठेवायचे. शिवकन्येला ही अट मनापासून पटली होती. तिच्यामुळे काय झाकले जाईल, हे समितीतल्या सात विद्वानांना सुचले नाही आणि तिलाही नाही.

तिचे मार्गदर्शक डॉ. हिप्परगेकर शेजारच्याच खोलीत बसत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख पाहिला.

"अकरा जणींना एकाच दिवशी नैराश्य येतं का हो? सर्दी आहे का ती?"

"नाही सर. म्हणूनच भीती वाटतेय. तिथं काहीतरी घडलंय. मी आत्ता निघते."

"टॅब बिघडला असेल. पडद्याला तेलाचे हात लागले की अक्षरं उशिरा उमटतात." सरांनी चष्मा खाली घेतला. "जा, पण घाबरवू नका कोणाला. पुढच्या महिन्यात प्रबंध जायचाय. आणि जूनपासून सरकार राज्यातल्या सगळ्या वसतिगृहांत 'सोबत' बसवणार आहे, ते कशाच्या भरवशावर? या चार नंबरच्याच."

पालकांना मुलींना भेटल्यावरच कळवायचे ठरवून शिवकन्येने स्कूटर काढली. रस्ताभर तिच्या डोक्यात नाही नाही ते येत होते. वसतिगृहात कोणी त्रास देत असेल? मुली काही लपवत असतील? अकरा जणींनी मिळून काही ठरवले असेल? या शेवटच्या विचाराने तिने गाडी बाजूला घेऊन रेक्टरबाईंना फोन लावला, आणि मुली क्लासला गेल्या आहेत, सगळ्या हजर आहेत, हे ऐकल्यावरच पुढे निघाली.

रेक्टर कलावतीबाईंना सगळे मावशी म्हणत. लाल आलेखांचे ऐकून त्या खुर्चीतच बसल्या.

"आवो, सकाळीच उपम्यावरून भांडायल्या व्हत्या. दुखी पोरी भांडतेत का उपम्यावरून?"

साडेचारला मुली आल्या. जिन्यावरूनच त्यांचा कलकलाट ऐकू आला. शिवकन्येने एकेकीला आत बोलावून कागदावरचे नऊ प्रश्न विचारले. झोप, भूक, अभ्यासात लक्ष, रडू, सगळे. हे प्रश्न ती दर महिन्याला विचारत असे. अकराही जणी ठणठणीत होत्या. समृद्धी हलगे नावाच्या बोलक्या मुलीने तर तिलाच उलटे विचारले.

"ताई, मला मागच्या टेस्टला सहाशे चाळीस पडले. मी कशाला लाल होऊ? तुमचं मशीन येडं झालंय का?"

सरांचे खरे निघाले म्हणायचे, असे स्वतःशी म्हणत शिवकन्येने कागद आवरले. तिला हायसे वाटले आणि थोडी लाजही वाटली. तेवढ्यात साडेपाच वाजले.

चार नंबरचा शिरस्ता असा होता की मुलींचे फोन दिवसभर मावशींच्या कपाटात बंद असत. साडेपाच ते सहा अर्धा तास ते हातात मिळत, घरी बोलण्यापुरते. अभ्यास व्हावा म्हणून पालकांनीच हा नियम मागून घेतला होता. पाच ओळी लिहायच्या त्या ऑफिसबाहेरच्या टेबलावरच्या टॅबवर, त्याच अर्ध्या तासात. मावशींनी कपाट उघडले, फोन वाटले, आणि अकरा मुली अकरा कोपऱ्यांत पांगल्या. कोणी गच्चीच्या जिन्यात, कोणी पाण्याच्या टाकीपाशी, कोणी मोरीच्या दारात. सगळीकडून "हां आई", "नाही पप्पा" ऐकू येऊ लागले.

टॅबपाशी मात्र एक वेगळीच मुलगी बसली होती. उंच, सावळी, दोन घट्ट वेण्या. तिने एक क्रमांक टाकला, पाच ओळी लिहिल्या, बंद केले. दुसरा क्रमांक टाकला, पाच ओळी लिहिल्या, बंद केले. मध्ये-मध्ये ती थांबून भिंतीकडे बघे आणि पुन्हा लिही. पाचव्या क्रमांकापर्यंत शिवकन्या नुसती उभी राहून बघत होती.

अकरा आलेख एकाच उताराने का घसरले, ते तिला समजले. तो हातच एक होता. कॉलेजात गैरहजर मैत्रिणीची हजेरी दुसरीने लावायची, तशी चार नंबरात मनाची हजेरी लागत होती. मूळ लय साठवली असती तर पहिल्याच आठवड्यात चोरी पकडली गेली असती. पण प्रत्येकीचे शून्य वेगळे धरल्यामुळे यंत्राला त्या अकरा जणी दिसत होत्या.

तिने समृद्धीला बाजूला घेतले. समृद्धीने फोन कानावरून काढला आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, रागावू नका. ऑक्टोबरमध्ये आमची एक मैत्रीण लाल झाली. तिच्या पप्पाला फोन गेला अन् दुसऱ्या दिवशी ते बॅग भरून तिला गावाकडंच घेऊन गेले. तिला जायचंच नव्हतं. मग आम्ही सगळ्याच भ्यालो. अन् अर्ध्या तासात लिहायचं कवा, घरी बोलायचं कवा? ईश्वरी म्हणाली, मी लिहिते. तिचे पप्पा कंटेनरवर ड्रायव्हर हायेत, रविवारीच फोन लागतो. वाडीत आईच्या फोनला रेंज नाही. तिचा अर्धा तास रिकामाच असतो."

"आणि ती मनानं काहीही लिहायची?"

"नाही नाही. तिला खोटं लिहायचं नसतं. रोज दुपारी डब्याच्या वेळी आम्ही तिला सांगतो. सर काय बोलले, घरी काय झालं, कशाचं रडू आलं. ती म्हणती, नीट सांग, त्याशिवाय मी लिहिणार नाही. कधी कधी एकेकीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती सगळं ऐकती."

ऑक्टोबरपासून आलेख वर गेले होते ते ईश्वरीचा हात या सगळ्यांहून चपळ होता म्हणून. पण कागदावरचे नऊ प्रश्न तर मुलींनी स्वतः सोडवले होते आणि त्यांतही त्या सुधारल्या होत्या. ती सुधारणा खरी होती. पण तिचे श्रेय दुपारच्या डब्याला आणि या वेणीवालीला होते, तीन वर्षे खपून बनवलेल्या यंत्राला नव्हते. शिवकन्येला रडावे की हसावे कळेना. मग तिला जे विचारायला हवे होते ते सुचले.

"आणि ईश्वरीचं कोण लिहितं?"

"तिचं कुठं असतंय, ताई? ती तुमच्या यादीतच नाही. पालकांची सही लागते ना. तिचे पप्पा तवा गुजरातेत होते."

शिवकन्येने मान वळवून टेबलाकडे पाहिले. मग सतरा दिवस कोण घसरत होते?

मावशींनी आठवून आठवून सांगितले. अडीच आठवड्यांपूर्वी क्लासची गुणांप्रमाणे नवी यादी लागली होती. ईश्वरी केंद्रे पहिल्या बॅचमधून थेट तिसरीत गेली होती. मैत्रिणींनी विचारले तर ही वेळ सोयीची पडते म्हणाली. हल्ली डबा अर्धा परत येत होता. "अन् परवा तिनं जीवशास्त्राच्या वह्या समृद्धीला देऊन टाकल्या. म्हणली, माझ्या पाठ झाल्यात." हे सांगताना मावशींना त्यात काही विशेष वाटले नव्हते. शिवकन्येला मात्र ती धोक्याची खूण वाटली.

ती टेबलापाशी जाऊन बसली. ईश्वरी दहाव्या मुलीच्या पाच ओळी लिहीत होती.

"मी शिवकन्या. 'सोबत' माझंच आहे."

ईश्वरीचे हात थांबले. "या पोरींना काही करू नका, मॅडम. मीच म्हणाले होते त्यांना."

"कोणाला काही करणार नाही. मी तुझ्यासाठी थांबलेय."

"मला काय झालंय? मी बरी आहे."

वरच्या मजल्यावरून कोणाचे तरी हसणे ऐकू आले. शिवकन्येला प्रशिक्षणात शिकवले होते की असा प्रश्न आडून आडून विचारायचा नाही. विचारल्याने कोणाच्या मनात ते भरत नाही. उलट न विचारल्याने माणूस एकटा पडतो. तिने हे इतरांना शंभर वेळा शिकवले होते आणि स्वतः आज पहिल्यांदा विचारत होती.

"ईश्वरी, जीव द्यावासा वाटतो का तुला?"

ईश्वरीने टॅबचा पडदा ओढणीच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

"रोज नाही," ती म्हणाली.

शिवकन्येने तिचा हात धरला आणि त्यानंतर एक मिनिटही तिला एकटे सोडले नाही. संशोधनाच्या सल्लागार मनोविकारतज्ज्ञ डॉ. फरहत शेख यांना तिने तिथूनच फोन लावला. सात वाजता त्या आल्या, ईश्वरीशी तासभर बोलल्या आणि तिला रुग्णालयात घेऊन गेल्या. जाताना ईश्वरी एकच म्हणत होती, आईला सांगू नका. आईला सांगावेच लागले. वाडीच्या सरपंचाला फोन करून निरोप दिला, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने ती माउली येऊन दाखल झाली. अंगावर घरचेच लुगडे, हातात भाकरीचे फडके.

"लेकरू मार्कांपायी आसं करायलं?" वॉर्डाबाहेर तिने शिवकन्येला विचारले.

"नुसतं मार्कांपायी नाही, काकू. तिला कोणाला सांगताच आलं नाही."

"आवो, म्या मोबाइल घिऊन टेकडीवर जाऊन बसत व्हते, रेंज लागती का बघत. लागलीच न्हाई." आणि ती बाई तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. शिवकन्याही रडली. संशोधकाने रडू नये असा नियम कोणत्या समितीने केला असला, तर तो तिच्या वाचनात आलेला नव्हता.

गुरुवारी तिने हिप्परगेकर सरांना सगळे सांगितले. सरांचा चेहरा गंभीर झाला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, डॉक्टरांशी स्वतः बोलले, मगच प्रबंधाकडे वळले.

"मुलगी वाचली, हे महत्त्वाचं. आता ऐका. त्या अकरा जणी वगळा. एकशे एकोणनव्वद उरतात, पुष्कळ आहेत. तळटीप द्या, तांत्रिक कारणामुळे वगळल्या म्हणून. जूनच्या आत पदवी हातात पडली तर इथल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेला तुम्ही अर्ज करू शकता. एवढी वर्षं वाट पाहिलीत."

"सर, ते तांत्रिक कारण नाही. मुलींना बरं वाटायला लागलं ते तिला सांगितल्यामुळं. मला मिळालेली खरी गोष्ट तेवढीच आहे. तीच वगळू?"

"मग प्रबंधात यंत्राचं काय राहिलं?"

"यंत्रानंच तर तिला पकडलं. पण मी चुकीच्या मुलींना भेटायला गेले होते." तिने खुर्ची पुढे ओढली. "बाकी पंधरा ठिकाणीही फोन कपाटातच असतात, सर. तिथं कोण लिहितं ते आपल्याला ठाऊक नाही. आणि जूनमध्ये सरकार हेच यंत्र सगळ्या राज्यात लावणार. लाल दिसलं की बापाला फोन, आणि बाप बॅग भरायला हजर. मुली हात उसना घेणारच. मग सगळ्यांचं ऐकणारी कोणी एक आतल्या आत खचेल, आणि आपल्या पडद्यावर शेजारच्या अकरा जणींची नावं येतील."

"दीड वर्ष लांबेल," सर म्हणाले.

"लांबू दे."

"जागा जाईल."

जागा जाईल हे तिला त्यांच्याइतकेच ठाऊक होते, आणि तिला त्याचे वाईट वाटत होते. घरी वडिलांना काय सांगायचे, हा प्रश्न तर त्याहून मोठा होता. तरी संध्याकाळी तिने सरकारी कार्यालयाला पत्र लिहिले की 'सोबत'बद्दल दिलेला अहवाल मागे घेत आहे. पाठवण्याआधी सरांना दाखवले. सरांनी दोन शब्द दुरुस्त केले आणि खाली आपलीही सही केली.

पुढच्या महिनाभरात तिने उरलेली पंधराही वसतिगृहे पालथी घातली. या वेळी टॅब बघायला नाही, तर डब्याच्या वेळेला. सहा ठिकाणी तिला असे सगळ्यांसाठी लिहिणारे एकीचे हात सापडले. ज्यांना मदत लागत होती त्यांच्यापर्यंत डॉ. शेख पोहोचल्या.

तोवर ईश्वरी रुग्णालयातच होती. औषधे चालू होती, झोप येऊ लागली होती. डॉक्टरांशी ती विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोले. आईशी वाडीतल्या शेळ्यांबद्दल बोले. यादीबद्दल, त्या सतरा दिवसांबद्दल तिने अजून कोणालाही अवाक्षर सांगितले नव्हते. "ती बोलली की निम्मं काम झालं," डॉ. शेख शिवकन्येला म्हणाल्या. "पण तिला ऐकायचीच सवय आहे. सांगायची नाही."

चौथ्या रविवारी दुपारी डॉक्टरांच्या परवानगीने अकराही मुली भेटायला आल्या. अकरा जणींना एकदम आत सोडायला परिचारिका तयार नव्हती, तेव्हा मागच्या अंगणात बाकांवर बसायचे ठरले. शिवकन्या थोडी दूर उभी राहिली. मुली चपलांकडे बघत होत्या. शेवटी ईश्वरीनेच सवयीने सुरुवात केली.

"हं, समृद्धी. तुझं काय झालं? ते भौतिकशास्त्राचे सर अजून बोलतात का?"

"माझं काही नाही."

"मग वैभवी, तुझ्या दादाचं लग्न ठरलं?"

"आज आमचं कुणाचंच काही नाही," समृद्धी म्हणाली. "आम्ही येतानाच ठरवलंय. आज तू सांग. नीट सांग, त्याशिवाय आम्ही जाणार नाही."

ईश्वरी हसली. मग तिचे हसू मावळले. तिने तोंड उघडले आणि मिटले. दहा-बारा मैलांवरच्या माणसाला हाक मारायची असावी तसा तिने दम घेतला, आणि तरी शब्द येईना. अकरा मुली गप्प बसून राहिल्या. एकीनेही घड्याळाकडे पाहिले नाही.

"इथलं वरण अळणी असतं," ईश्वरी म्हणाली.

कोणी हसले नाही.

"मीठ मागितलं तर देत नाहीत. आणि माझा पलंग पंख्याच्या बरोबर खाली आहे, पहाटे गारठा लागतो." ती थांबली. समृद्धी सरकून तिच्या जवळ बसली. "आणि त्या दिवशी," ईश्वरी म्हणाली, "यादी लागली ना, तेव्हा मी माझं नाव आधी पहिल्या बॅचमध्ये शोधलं. तीन वेळा शोधलं. मग दुसरीत."